रोहिणीच्या पाण्याचा अर्थ सांगणारे धर्मानंद कोसंबी



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहे. मी विद्वान नाही. गिरणीत साच्यावर उभं राहायचं आणि पाळी सुटल्यावर वाचायचं, एवढीच माझी शाळा.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि त्यांचं मन तिकडंच ओढलं गेलं. १८९९ साली त्यांनी घर सोडलं. मागं बायको आणि तान्ही मुलगी होती. हेही लिहिलं पाहिजे, कारण माणूस मोठा झाला म्हणून घरच्यांनी सोसलेलं पुसलं जात नाही. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. १९०२ साली सिलोनला जाऊन पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे अमेरिकेत हार्वर्डला आणि रशियात लेनिनग्राडला त्यांच्या विद्येचा मान झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली.

म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, असं आपण लहानपणापासून ऐकलं. कोसंबींना ते पटेना. सुत्तनिपातातलं अत्तदण्ड सुत्त त्यांनी पुढं ठेवलं. माणसं एकमेकांवर शस्त्र उगारतात हे पाहून बुद्धाला उद्वेग आला, असं त्यात आहे. त्यावरून शाक्य आणि कोलिय यांचं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण हेच गृहत्यागाचं कारण, असं त्यांनी ‘भगवान बुद्ध’ ग्रंथात मांडलं. त्यावर ‘बोधिसत्त्व’ नाटकही लिहिलं.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही हाच प्रसंग घेतला. संघाने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने लढायला नकार दिला. तेव्हा घरावर बहिष्कार घालू, जमीन जप्त करू, अशी धमकी आली. सिद्धार्थाने विनवलं, की अपराध माझा आहे, शिक्षा मला द्या, घरच्यांना उपाशी मारू नका. आणि तो परिव्राजक झाला.

आपल्याला बहिष्कार म्हंजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतात मजुरी मिळत नाही. राजे लढतात, पण नाकेबंदीत लेकरंबाळं उपाशी मरतात. गावची असो की देशाची, रीत तीच.

कोसंबी नुसते लिहीत बसले नाहीत. १९३० साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. पुढं मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ काढला. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या १९३५ च्या पुस्तकात त्यांनी अहिंसेला प्रज्ञेची जोड मागितली. ते गांधीजींच्या मार्गाने गेले, आपला मार्ग बाबासाहेबांचा. विहाराला पैसा बिर्लांचा होता, हेही खरं. मतभेद लपवायचं कारण नाही. पण युद्धाला नकार देणारा बुद्ध मराठीत आधी त्यांनी दाखवला, हे ऋण मान्य केलं पाहिजे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, उपोषण करून, त्यांनी देह ठेवला.

बंधूंनो, आपला बीड जिल्हा कायम दुष्काळाचा. टँकर आला की हंड्यावरून भांडण, बांधावर पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटतात. मग अर्धी माणसं कोयता घेऊन उसाला जातात, त्यांत दोन्ही बाजूंची असतात. रोहिणी आपल्या दारातच आहे. वंदनेला हात जोडताना एवढं ठरवू, की पाण्यासाठी काठी उचलायची नाही, आणि कुणाच्या चुलीवर बहिष्कार घालायचा नाही. आपल्यावर घातला गेला होता, म्हणून तर नाहीच नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!