जहाजभाड्याची लढाई आणि जमशेटजी टाटा

धानाचा हंगाम आला की भंडारा जिल्ह्यात गावोगावी एकच तक्रार कानी येते. पिकवलं आपण, पण हमाली, गाडीभाडं आणि दलाली वजा जाता हाती उरलं काय? हे दुखणं आजचं नाही. जमशेटजी टाटांसारख्या मोठ्या कारखानदारालाही ते चुकलं नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. वडिलांच्या पेढीचा व्यापार चीनशी होता. कापूस जायचा आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अफूही जायची. १८५९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले. परदेशी व्यापाराची ही त्यांची पहिली शाळा.

दुसरा धडा कडू होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पेढी बुडायला आली. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या जमशेटजींनी तोंड लपवलं नाही. देणेकऱ्यांसमोर हिशेब ठेवला आणि पत राखली.

नुसता कापूस विकून भागत नाही, सूत-कापड इथंच व्हावं, हे त्यांनी ओळखलं. गिरणीसाठी त्यांनी मुंबई सोडून आपलं नागपूर निवडलं. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात. १५ लाखांच्या भांडवलावर उभी राहिलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आज ती मिल नाही, पण नागपूरकर तिला विसरलेले नाहीत.

माल तयार झाला, तरी तो परदेशी न्यायचा कसा? मुंबईहून चीन-जपानकडे जाणारी वाहतूक पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी आणि तिच्या जोडीच्या दोन युरोपीय कंपन्यांच्या हाती होती. त्या तिघी मिळून भाडं ठरवायच्या. टनामागे १९ रुपयांपर्यंत भाडं पडे. १८९३ साली जमशेटजी थेट जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी बोलणी केली. जपानी गिरण्यांना आपला कापूस हवाच होता. पण कंपनीची अट होती, की धोका दोघांनी सारखा उचलायचा. जमशेटजींनी स्वतः जहाजं भाड्यानं घेतली आणि टाटा लाइन सुरू केली. भाडं ठरलं टनाला १२ रुपये.

मग पी. अँड ओ.नं आपला दर दीड रुपयावर आणला! शिवाय टाटा आणि जपानी जहाजांनी माल पाठवणार नाही, असं लिहून देणाऱ्यांना सवलती दिल्या. ज्यांच्यासाठी ही खटपट, तेच व्यापारी एकेक करून तिकडे वळले. टाटा लाइन बंद पडली, मोठा तोटा झाला. जपानी कंपनीची मुंबई-कोबे फेरी मात्र चालू राहिली. तिचा खिसा भरलेला होता.

जमशेटजी खचले नाहीत. १९०२ मध्ये पोलादाच्या कारखान्यासाठी जाणकार शोधायला ते अमेरिकेला गेले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या मुलांनी १९०७ साली त्या कारखान्याचे भाग विक्रीला काढले. लंडनचं भांडवल जमलं नव्हतं, पण आपल्याच देशातल्या हजारो लोकांनी तीन आठवड्यांत पैसा उभा केला.

माझ्या कामाच्या एका गावात शेतकऱ्यांनी मिळून ट्रक ठरवला होता, धान थेट राईस मिलला न्यायचा. आदल्या रात्री एक व्यापारी बांधावर येऊन क्विंटलमागे थोडे जास्त देऊन गेला. सकाळी ट्रक अर्धा रिकामा. पुढच्या वर्षी ना ट्रक राहिला, ना तो वाढीव भाव.

म्हणून गट करा, कंपनी करा, पण दोन गोष्टी आधी पक्क्या करा. हंगामापूर्वी प्रत्येकानं किती माल द्यायचा ते लेखी घ्या आणि एक पडता हंगाम निभेल एवढी गंगाजळी ठेवा. समोरचा स्वस्त झाला, की आधी विचारा, तो किती दिवस स्वस्त राहणार?