आलेल्यांच्या गावातले वालचंद

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे दोन खोल्यांचे घर होते. दुपार झाली की गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसत. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. हजार बिड्या वळून झाल्या की अम्मा त्या कारखान्यात देऊन येई. नायना मागावर चादरी विणत. आजोबा तेलंगणातून पोटासाठी इथे आले, त्यामुळे घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. शाळेत कुणी बाहेरचा म्हणून हिणवले की मी रडवेला होऊन घरी येई. तेव्हा गुरुजींनी एकदा जवळ बसवून वालचंद हिराचंद यांची हकिगत सांगितली. ती मला जन्मभर पुरली.

वालचंदांचे घराणेही बाहेरूनच आलेले. दोशी हे त्यांचे आडनाव, मूळ गाव सौराष्ट्रातले वांकानेर. व्यापाराच्या निमित्ताने हे दिगंबर जैन कुटुंब इकडे आले आणि सोलापूरचे झाले. कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी यांत त्यांचा जम बसला. वडील हिराचंद नेमचंद नुसते पैशाच्या मागे लागलेले गृहस्थ नव्हते. घरची भाषा गुजराती, पण समाजसुधारणेसाठी त्यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक काढले ते मराठीत. आलेला माणूस गावाचा कसा होतो, हे यावरून कळावे.

अशा घरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. शालेय शिक्षण सोलापुरातच झाले. पुढे मुंबईचे सेंट झेविअर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज त्यांनी पाहिले, पण पुढे धंद्याने त्यांना ओढून घेतले. पेढीवर बसून व्याज मोजणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक कारकून त्यांना भेटले. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची ताकद होती. एक मराठी ब्राह्मण, एक गुजराती जैन, आणि काम बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळांचे! या भागीदारीतून ठेकेदारीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी नळवाहिनी अशी कामे त्यांच्या हाताखालून गेली.

पहिले महायुद्ध संपताच त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेण्याचे ठरवले. जोडीला नरोत्तम मोरारजी होते. सोलापूरकरांना या नावाची वेगळी ओळख सांगावी लागत नाही. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी गिरणी त्यांच्याच वडिलांची, मोरारजी गोकुळदासांची. सिंदिया कंपनीची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण तेव्हा कौतुकाऐवजी वाट्याला आले भाडेयुद्ध. इंग्रज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर इतके पाडले, की नवी कंपनी बुडावीच. १९२३ मध्ये जाचक अटींचा करार पत्करावा लागला, पण कंपनी टिकली.

त्यानंतर या माणसाला स्वस्थता अशी नव्हतीच. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या आणि इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळरानावर त्यांनी ऊस आणि साखर कारखाने आणले. कळंबचे वालचंदनगर झाले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या आवाराची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांनी बसवली. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर कंपनी स्थापन झाली. विमानांचा कारखाना १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत सरकारने ताब्यात घेतला. मात्र १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, ते वालचंदांना याचि डोळा पाहता आले. पुढे आजारपणाने त्यांना कामापासून दूर केले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतल्या सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

कॉलेजचे शिक्षण आटोपल्यावर मी लेथ मशीन घेऊन स्वतःचा धंदा करण्याचा हट्ट धरला. नायनांना ते पटेना. हातातला माग सोडून लोखंडाच्या मागे का लागावे, असा त्यांचा सवाल होता. मी जोरात वालचंदांचे नाव घेतले. ते काही बोलले नाहीत. रात्री अम्माने एवढेच सुचवले, की वालचंदांच्या पाठीशी पेढी होती, आपल्या पाठीशी तिचे सूप आहे. मी गप्प झालो. तिचे खरे होते. थोरांची चरित्रे वाचताना आपण त्यांचे धाडस पाहतो, पण पडल्यावर त्यांना सावरणारे हात पाहत नाही.

तरीही सकाळी नायनांनीच पतपेढीच्या कर्जाच्या अर्जावर सही केली. पहिली दोन वर्षे कर्जाचे हप्ते अम्माच्या बिड्यांतूनच गेले, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. माझी पेढी ती होती.

वालचंदांचे बरेचसे वैभव आता काळाच्या पोटात गेले आहे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. रावळगावच्या गोळ्यांचे नावही २०२४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेले. बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमचे जहाज आवार मात्र देशाच्या मालकीचे होऊन चालू आहेत.

परवा माझ्या नातवाला शाळेत कुणीतरी विचारले, तुम्ही मूळचे कुठले? त्याने घरी येऊन मला विचारले. मी त्याला तेलंगणातल्या गावाचे नाव सांगितले, अम्माचे सूप दाखवले आणि मग वांकानेरहून आलेल्या त्या घराण्याची गोष्ट सांगायला बसलो.