विश्लेषण : ‘क्ष’च्या आधीचा ‘या’… भास्कराचार्यांनी बीजगणिताचा सराव कसा घडवला?

एकाजवळ ३०० नाणी आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज आहे. सगळे घोडे सारख्याच किमतीचे आणि दोघांची एकूण संपत्तीही सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती? आठवीच्या गणिताच्या पुस्तकात सहज खपून जाईल असे हे उदाहरण साधारण पावणेनऊशे वर्षांपूर्वीचे आहे. इसवी सन ११५० मध्ये भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एका अज्ञाताच्या समीकरणांची सुरुवात याच घोड्यांपासून केली. भास्कराचार्यांचे नाव शून्य, गुरुत्वाकर्षण आणि अभिमान अशा तीन शब्दांच्या आसपास हल्ली वारंवार ऐकू येते. ते मुळात शिक्षक म्हणून किती पक्के होते, याची चर्चा मात्र कमी होते.

भास्कराचार्यांविषयी नक्की काय माहीत आहे?

फार नाही, पण जे आहे ते भक्कम आहे. आपला जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मधला आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ वयाच्या ३६व्या वर्षी रचला, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. वडील महेश्वर, गोत्र शांडिल्य आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. वडील हेच गुरू. हे विज्जडविड नेमके कोणते यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणी विजापूरकडे बोट दाखवतात, तर कोणी चाळीसगावजवळच्या पाटणकडे. पाटणच्या बाजूने एक दगडी पुरावा आहे, त्याकडे पुढे वळू.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन गणिताचे, पुढचे दोन ज्योतिषाचे, म्हणजे आजच्या भाषेत खगोलशास्त्राचे. त्यांचा ‘करणकुतूहल’ हा आणखी एक ग्रंथ ११८३ हे वर्ष आधाराला धरून ग्रहांची गणिते देतो. म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरही त्यांची आकडेमोड चालूच होती. आपण सगळे नवे शोधले, असा त्यांचा दावा नव्हता. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत, म्हणून विद्यार्थ्यांसाठी त्यांचे सार काढले, असे त्यांनीच सांगून टाकले आहे. श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ते ग्रंथ पुढे हरवले. सार मात्र उरले.

अज्ञाताला रंगांची नावे का?

आज आपण ‘क्ष’ धरतो, तिथे भास्कराचार्य ‘या’ लिहीत. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, जितके असेल तितके. दुसरे अज्ञात आले की कालक, मग नीलक, पीतक, लोहितक. म्हणजेच काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना का, नी, पी, लो. ज्ञात संख्येपुढे ‘रू’, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. ही पद्धत त्यांच्या आधीपासूनची, पण तिचा सराव कसा चढवत न्यायचा याची शिडी त्यांनी नीट बांधली. आधी धन-ऋणाची बेरीज-वजाबाकी, मग शून्य, मग अज्ञात असलेल्या राशी आणि त्यानंतर अनेक रंगांच्या राशी. ३ काळे आणि ५ निळे मिळून ८ काळे होत नाहीत, हे रंगांमुळे पोराला वेगळे समजवावे लागत नाही. सजातीय पदांचीच बेरीज करा हा नियम आजही अनेकांच्या उत्तरपत्रिकेत घात करतो, तो इथे नावातच बसवला आहे.

समीकरण मांडताना दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहायचे आणि न दिसणारे पदही शून्य म्हणून भरायचे. घोड्यांच्या उदाहरणात वरच्या ओळीत या ६, रू ३००. खालच्या ओळीत या १०, रू १०० आणि त्या शंभरावर टिंब, कारण ते कर्ज. मग एका पक्षातून अज्ञात वजा करायचे, दुसऱ्यातून रूपे. ४०० ला ४ ने भागले की किंमत १००. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा शाळेतला मंत्र इथे नाही. दोन्हीकडून सारखेच काढून घ्यायचे, इतकेच.

मग एकच उदाहरण तीनदा का?

भास्कराचार्यांतला शिक्षक इथे दिसतो. घोड्याची किंमत १०० निघाली म्हणून ते पुढच्या प्रश्नाकडे जात नाहीत. तेच घोडे, तीच नाणी, तेच कर्ज ठेवून फक्त अट बदलतात. समजा, पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात २ मिळवले की दुसऱ्याची संपत्ती होते. आता एका बाजूला ३ या आणि १५२, दुसरीकडे १० या उणे १००. म्हणून ७ या बरोबर २५२, किंमत ३६. किंवा समजा, पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट आहे. मग ६ या आणि ३०० बरोबर ३० या उणे ३००. २४ या बरोबर ६००, किंमत २५.

तीनही उत्तरे पूर्णांक यावीत अशी संख्यांची निवड केली आहे, हे लक्षात घेण्याजोगे. अशी उदाहरणे बसवायला स्वतःला किती कागद फाडावे लागतात, हे कोणत्याही गणिताच्या शिक्षकाला विचारावे. (बाराव्या शतकात कागदाऐवजी धुळीची पाटी होती, एवढाच फरक.) त्यातून विद्यार्थ्याला कळते ते असे : घोडे, नाणी, कर्ज ही झाली पदावली. ती समीकरण होते ती अटीमुळे. पदावली आणि समीकरण यांतला हा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, हात चालवून कळतो.

लीलावतीतली काही उदाहरणे बीजगणितात पुन्हा भेटतात, तीही याच कारणाने. कर्णाच्या वधासाठी अर्जुनाने घेतलेल्या बाणांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण रोखले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे थोपवले, ६ शल्यावर, ३ छत्र, ध्वज आणि धनुष्यावर आणि शेवटचा एक कर्णाच्या मस्तकावर. लीलावतीत हे अंकगणिताच्या रीतीने सुटते, बीजगणितात अज्ञात धरून. उत्तर दोन्हीकडे १००. एकाच डोंगरावर दोन वाटांनी चढून पाहायचे.

दोन उत्तरे आली तर कोणते खरे?

वर्गसमीकरण आले की ही अडचण येते. भास्कराचार्य ते सोडवायला श्रीधराची रीत वापरतात आणि श्रेय श्रीधरालाच देतात. दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे, मग मूळच्या अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. डावी बाजू पूर्ण वर्ग होते आणि मधे अपूर्णांकांचा त्रास होत नाही.

पहिले उदाहरण माकडांच्या कळपाचे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडे वनात खेळत आहेत, उरलेली १२ टेकडीवर ओरडत आहेत. आठव्या भागाला ‘या’ म्हटले की या-वर्ग अधिक १२ बरोबर ८ या. इथे ‘या’ ६ किंवा २, म्हणून कळप ४८ चा किंवा १६ चा. दोन्ही उत्तरे ते मान्य करतात.

लगेच दुसरा कळप येतो. पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. एक झाडावर दिसते आहे. समीकरण सोडवले की उत्तरे ५० आणि ५. आकड्यांत दोन्ही चोख बसतात. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २, त्याचा वर्ग ४, त्यात झाडावरचे एक मिळवले की ५. तरीही भास्कराचार्य ५ नाकारतात. वर्ग करण्याआधी उणे दोन माकडे उरतात आणि अशी संख्या लोकांना पटत नाही, हे त्यांचे कारण. लोक कर्ज मानतात, उणे माकडे मानत नाहीत.

याला आजच्या मापाने कोणी भित्रेपणा म्हणेल. पण घोड्यांच्या उदाहरणात उणे १०० बिनदिक्कत लिहिणारा हाच माणूस आहे. त्यांना ऋण संख्येचे वावडे नव्हते. ती कुठे अर्थ देते आणि कुठे नाही, हे विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी तपासावे, असा त्यांचा आग्रह दिसतो. गणित सुटले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. पुढे भाष्यकार कृष्ण दैवज्ञांनी ऋणत्व स्थळाचे, काळाचे आणि वस्तूचे असे तीन प्रकारचे सांगितले आणि उलट दिशेचे अंतर म्हणून त्याला जागा करून दिली.

शून्यापाशी मात्र ही कसोटी थोडी सैल पडली. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटले आणि ती अनंत मानली, पण एका उदाहरणात शून्याने गुणणे आणि शून्याने भागणे एकमेकांना छेदून टाकले आणि १४ हे उत्तर काढले. आजच्या नियमांत ते बसत नाही.

क्रमिका आणि फलने त्यांच्याकडे होती का?

क्रमिका होत्या, ‘श्रेढी’ या नावाने. पहिले पद आदि, वाढ चय, पदांची संख्या गच्छ. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजने चालतो, रोज ठरावीक वाढ करतो आणि ७ दिवसांत ८० योजनांवरच्या नगरात पोहोचतो. वाढ किती? २२ भागिले ७ योजने. दुसऱ्या उदाहरणात एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देऊन रोज दुप्पट करण्याचे वचन देतो. महिन्याअखेर होतात २१४,७४,८३,६४६ कवड्या. नाण्यांत मांडले तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या. चक्रवाढीची धास्ती घालायला याहून सोपे उदाहरण नाही.

‘फलन’ ही संकल्पना नावानिशी नव्हती. पण एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, हा प्रश्न खगोलगणितात रोजचा होता. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश सरकतो, पण एकाच वेगाने नाही. म्हणून तिथी संपण्याच्या क्षणासाठी सरासरी गती चालत नाही, ‘तात्कालिक’ गती लागते. ती काढताना ज्येतला बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी वापरले. याला थेट कलनशास्त्र म्हणणे घाईचे ठरेल. दिशा मात्र तीच.

आणि ज्याच्यासाठी जगभरचे गणिती त्यांना ओळखतात ती चक्रवाल पद्धत. ६१ ने एका वर्गाला गुणून १ मिळवले की पुन्हा वर्ग यावा, अशी सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८०. दुसरा वर्ग १७६,६३,१९,०४९ चा. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये हाच प्रश्न युरोपातल्या गणितींपुढे टाकला, तोवर भास्कराचार्यांचे उत्तर लिहून पाच शतके झाली होती. चक्रवालाचा पाया त्यांच्याआधी जयदेव या गणितीने घातला होता, हेही सांगायला हवे.

लीलावतीची गोष्ट खरी आहे का?

मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेली वेळ आणि सांत्वनासाठी लिहिलेला ग्रंथ ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती कुठेही नाही. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराबरोबर. ग्रंथात लीलावतीला संबोधून प्रश्न आहेत, तसे मित्राला आणि बालकालाही आहेत. ती मुलगी होती, पत्नी होती की केवळ ग्रंथाचे नाव, याचा निकाल त्यावरून लागत नाही. बीजगणिताचे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रुश्दीने केले. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरचे इंग्रजी लीलावती छापले गेले आणि पुढच्याच वर्षी लंडनहून कोलब्रुकचे दोन्ही ग्रंथांचे भाषांतर आले.

पाटणचा शिलालेख काय सांगतो?

चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरांच्या कुशीतल्या पाटण इथे भवानीच्या पडक्या देवळात एक शिलालेख आहे. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. त्यात भास्कराचार्यांचे सहा पिढ्यांपर्यंतचे पूर्वज आहेत. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने इथून नेऊन पंडितांचा प्रमुख केले, नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. घराण्यातल्या इतरांच्या ग्रंथांचे अध्यापनही तिथे व्हायचे होते.

मठाला दान दिले ते निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने, १२०७ मध्ये, श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. मठ चालायचा कसा, हा व्यवहाराचा भाग आला की मात्र भाषा बदलून जुनी मराठी होते. पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यायचा आणि गावातल्या तेलघाण्यांनी पळी पळी तेल द्यायचे.