एकेचाळीस फुटांचे उड्डाण : रॉबर्ट गॉडर्ड ह्यांचे चरित्र

मनुष्याची परीक्षा त्याच्या यशाच्या दिवशी होत नाही, ती अपयशाच्या दुसऱ्या दिवशी होते. ह्या गोष्टीची आठवण आम्हांस यंदा नेर येथे एका लहानशा प्रसंगाने झाली. नवशिक्यांसाठी मिळणाऱ्या सुट्या भागांच्या पेटीतून आमच्या काही विद्यार्थ्यांनी एक हातभर उंचीचा अग्निबाण जुळविला. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, डोक्यावर निमुळती टोपी, पोटात कागदी हवाई छत्री आणि तळाशी कारखान्यात भरलेली दारूची कांडी, असा त्याचा थाट होता. मुलांनी त्यास लाल रंग दिला, मूळ पंख काढून आपल्या आवडीचे लहान पंख बसविले आणि पऱ्हाट्या वेचून मोकळ्या केलेल्या एका वावरात शिक्षकांच्या देखरेखीखाली तो सोडला. अग्निबाण दोन पुरुष उंच गेला, तेथे त्याने कोलांटी घेतली आणि तो धुऱ्यावरच्या बाभळीत जाऊन अडकला. मंडळी हसली. ज्याने पंख बसविले होते तो मुलगा मात्र कोणाशी न बोलता घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पेटी परत आणून दिली व हे काम आपल्याच्याने होणार नाही असे सांगितले. त्या वेळी आम्ही त्यास ज्या पुरुषाची हकीकत सांगितली, तीच येथे सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड ह्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, वूस्टर ह्या गावी ५ ऑक्टोबर १८८२ रोजी झाला. वडील यंत्रांत लागणारी पाती तयार करण्याच्या धंद्यात होते, आणि मुलाच्या जिज्ञासेस त्यांनी कधी आडकाठी केली नाही. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक आणि विज्ञानविषयक मासिक ही त्यांनी त्यास घरी आणून दिली. परंतु रॉबर्टची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. आईस क्षयाची बाधा झाली होती, आणि स्वतःच्या आजारपणामुळे त्याची शाळा वारंवार बुडत असे. सोबतीच्या मुलांपेक्षा तो मागे पडला व बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, १९०४ साली, त्याचे शालेय शिक्षण संपले. तथापि शाळेत तो पहिला आला होता. वर्ष मागे पडले म्हणून जन्म वाया गेला असे मानणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सोळाव्या वर्षी त्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा फुगा करून त्यात हायड्रोजन वायू भरून पाहिला. फुगा जड झाल्यामुळे जागचा हलला नाही. मुलाने ते अपयश आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेविले. ही नोंद ठेवण्याची सवय पुढे त्याच्या आयुष्याचा कणा ठरली.

१९ ऑक्टोबर १८९९ रोजी सतरा वर्षांचा रॉबर्ट घरामागील चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटण्यास चढला होता. फांदीवर बसून खालच्या शेताकडे पाहता पाहता, मंगळापर्यंत पोहोचेल असे एखादे यंत्र करता आले तर काय बहार होईल, असा विचार त्याच्या मनात आला. झाडावरून उतरलेला मुलगा चढलेल्या मुलाहून निराळा होता. आयुष्यास दिशा मिळाली तो हा दिवस, असे समजून त्याने पुढे जन्मभर ती तारीख पाळली.

केवळ स्वप्नाने पोट भरत नाही आणि यंत्रही चालत नाही, हे त्यास ठाऊक होते. त्याने वूस्टर येथेच तंत्रशिक्षण घेतले, १९०८ साली पदवी मिळविली आणि १९११ साली क्लार्क विद्यापीठातून पदार्थविज्ञानात डॉक्टर ही पदवी संपादन केली. संशोधनास रंग चढत होता, इतक्यात १९१३ साली क्षयाने त्यासही गाठले. हा मनुष्य पंधरा दिवसांपलीकडे काढणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले. गॉडर्ड अंथरुणावर पडून राहिले, पण मन रिकामे ठेविले नाही. प्रकृती सुधारताच, १९१४ च्या जुलै महिन्यात त्यांनी दोन पेटंटे मिळविली. एकावर एक टप्पे रचून वर जाणारा अग्निबाण हा त्यातील एक विषय होता, आणि द्रवरूप इंधनावर चालणारा अग्निबाण दुसऱ्या पेटंटात आला होता. आज जे अवजड अग्निबाण आकाशात जातात त्यांच्या मुळाशी ह्या दोन कल्पना आहेत.

त्या काळी पुष्कळ सुशिक्षितांचीही अशी समजूत होती की, अग्निबाण मागच्या हवेस रेटतो म्हणून पुढे सरकतो, आणि जेथे हवा नाही तेथे तो निरुपयोगी होय. हे खरे नाही. नावेत बसून जड धोंडा मागे फेकला असता नाव पुढे सरते, ती धोंडा फेकल्याच्या प्रतिक्रियेने सरते. अग्निबाणही आपल्या पोटातील तप्त वायू वेगाने मागे फेकतो व स्वतः पुढे जातो. गॉडर्ड ह्यांनी हवा काढून घेतलेल्या नळीत लहान अग्निबाण पेटवून ही गोष्ट प्रत्यक्ष सिद्ध केली. उलट, हवेचा अडथळा नसेल तर तो अधिक चांगले काम करतो असे त्यांस आढळले.

१९१७ साली वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेने त्यांस ५,००० डॉलरांचे साहाय्य दिले, आणि पुढे त्यांचा अतिउंच प्रदेशी पोहोचण्याच्या पद्धतीविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या शेवटी, चंद्रावर भुकटी पेटवून तिचा प्रकाश दुर्बिणीतून पाहता येईल असा उल्लेख होता. वर्तमानपत्रांनी तेवढाच धागा उचलला. जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्स ह्या प्रख्यात पत्राने, शाळेतल्या मुलास ठाऊक असते तेवढेही पदार्थविज्ञान ह्या प्राध्यापकास अवगत नाही, अशा अर्थाची टीका केली. चूक टीकाकाराची होती, पण हसे प्राध्यापकाचे झाले. गॉडर्ड ह्यांच्या मनास ती गोष्ट लागली. तेव्हापासून ते मितभाषी झाले, परंतु काम थांबले नाही.

आता १६ मार्च १९२६ ह्या दिवसाकडे वळू. ऑबर्न गावी त्यांच्या एका आप्त स्त्रीचे शेत होते, व जमिनीवर अद्याप बर्फ होते. गॉडर्ड, त्यांची पत्नी एस्थर आणि दोन साहाय्यक, एवढीच मंडळी तेथे जमली होती. सुमारे दहा फूट उंचीचा, बारीक नळ्यांचा एक सांगाडा उभा होता. त्यात पेट्रोल आणि अतिशय थंड असा द्रवरूप प्राणवायू भरला होता. साहाय्यकाने लांब काठीस बांधलेल्या दिव्याने तो पेटविला. प्रथम मोठा आवाज झाला, पण अग्निबाण हलेना. काही क्षणांत इंधन जळून वजन उतरले, आणि तो वर उचलला गेला. अडीच सेकंदांत तो ४१ फूट उंच चढला आणि १८४ फूट दूर जाऊन शेतात पडला. एस्थरबाईंच्या चलच्चित्र यंत्राची किल्ली तोवर संपून गेली होती, म्हणून जगातील ह्या पहिल्या द्रवइंधनी उड्डाणाचे चित्रही राहिले नाही. आपल्या नेरच्या वेशीवरील एखाद्या जुन्या कडुनिंबाची जी उंची, तितकेच ते उड्डाण. पण चंद्राकडे जाणारी वाट त्या शेतातून निघाली.

विद्यार्थ्यांनी येथे एक विशेष गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या अग्निबाणात एक चूक होती. पुढून ओढले म्हणजे यंत्र सरळ जाईल, अशा समजुतीने त्यांनी इंजिन माथ्यावर आणि टाक्या खाली ठेविल्या होत्या. बैल पुढे जुंपले म्हणजे बंडी मागे सरळ येते, ही उपमा मनास पटते खरी, पण बैलाचे पाय जमिनीवर असतात व त्यास वाट ठाऊक असते. अग्निबाणाचे इंजिन सांगाड्यास पक्के बांधलेले असते. सांगाडा कलला की इंजिनही कलते, आणि तिरप्या दिशेनेच ओढू लागते. गॉडर्ड ह्यांस हे अनुभवाने कळले, व त्यांनी आपलीच आवडती रचना मोडून इंजिन तळाशी आणले. स्वतःच्या कल्पनेवर असा कात्री चालविण्याचा धीर फार थोड्यांजवळ असतो.

१७ जुलै १९२९ रोजी त्यांनी एका अग्निबाणात वायुभारमापक, उष्णतामापक व छायाचित्र यंत्र ठेवून तो उडविला. त्याच्या गडगडाटाने विमान कोसळले असे वाटून शेजारीपाजारी, पोलीस व आगीचा बंब धावत आले, आणि त्या प्रांतात प्रयोग करण्यास मनाई झाली. परंतु ही बातमी अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग ह्यांच्या कानी गेली. त्यांच्या खटपटीने गुगेनहाइम ह्या धनिक कुटुंबाचा आश्रय लाभला. १९३० साली गॉडर्ड न्यू मेक्सिकोतील रॉझवेल ह्या ओसाड मुलखात राहावयास गेले. एस्थरबाई हवाई छत्र्या शिवीत, छायाचित्रे घेत आणि पेटलेले गवतही विझवीत. पुढे गॉडर्ड ह्यांनी वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचा, म्हणजे जायरोस्कोपाचा, उपयोग करून अग्निबाणास स्वतःचा तोल सावरावयास लाविले. २८ मार्च १९३५ रोजी अशा अग्निबाणाने ४,८०० फुटांची उंची आणि ताशी ५५० मैलांचा वेग गाठला. त्याच वर्षी आपल्या देशात कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ ह्यांनी एक कोंबडा व एक कोंबडी अग्निबाणात बसवून दामोदर नदीच्या पलीकडे जिवंत पोहोचविली, हेही येथे सांगितले पाहिजे. जगाच्या दोन टोकांस एकच ध्यास लागला होता.

दुसऱ्या महायुद्धात गॉडर्ड ह्यांनी अमेरिकन आरमारासाठी काम केले. १० ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे कंठाच्या कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या संशोधनाची एकंदर २१४ पेटंटे नोंदली गेली, आणि त्यांतील पुष्कळशी एस्थरबाईंनी त्यांच्या पश्चात त्यांच्या टिपणांवरून मिळविली. त्या जुन्या नोंदींचे मोल तेव्हा कळले. १९६० साली अमेरिकन सरकारने ह्या पेटंटांच्या वापराबद्दल दहा लक्ष डॉलर दिले. जुलै १९६९ मध्ये तीन मानव चंद्राच्या मार्गास लागले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्या वर्तमानपत्राने एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या टीकेबद्दल दिलगिरी छापली. ज्याच्यासाठी ती छापली तो पुरुष ती वाचावयास हयात नव्हता. म्हणून आम्हांस वाटते की, लोकांच्या हसण्यावर किंवा लोकांच्या शाबासकीवर आपल्या कामाचा हिशेब ठेवू नये.

गॉडर्ड ह्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९५४ साली, अमेरिकेतील ऑर्व्हिल कार्लाइल नामक पादत्राणांच्या दुकानदाराने तयार दारूकांडी बदलून पुनःपुन्हा उडविता येईल असा छोटा अग्निबाण बनविला. आमच्या मुलांनी उघडलेली पेटी त्याच वंशातली होय. तिच्यातील दारूकांडी घरी भरावयाची नसते, किंवा फोडून पाहावयाची नसते. बुद्धी चालवावयाची ती तोल साधण्यात. घरावर वाऱ्याची दिशा दाखविणारा पत्र्याचा कोंबडा असतो, त्याचे शेपूट मोठे असते म्हणून वारा शेपटास मागे ढकलतो आणि चोच वाऱ्याकडे राहते. अग्निबाणाचेही तसेच. त्याचा गुरुत्वमध्य पुढे आणि वाऱ्याचा जोर झेलणारे पंख मागे असले पाहिजेत. आमच्या मुलाने शोभेसाठी पंख लहान केले, आणि तेथेच तोल बिघडला.

ही हकीकत ऐकून तो मुलगा काही वेळ उगाच बसला. मग त्याने पेटी पुन्हा उघडली. त्याने मोठे पंख कापून समान अंतरावर चिकटविले, टोपीच्या आत चिकणमातीची गोळी दाबली, आणि गुरुत्वमध्यास दोरी बांधून अग्निबाण डोक्याभोवती गरगर फिरवून पाहिला. टोक पुढे राहिले. मग त्याच वावरात तो दुसऱ्यांदा सोडला. तो सरळ वर गेला, क्षणभर दिसेनासा झाला, आणि कागदी छत्री उघडून हळूहळू ढेकळांत उतरला. लाल रंग मात्र बाभळीच्या काट्यांनी खरवडलेला तसाच होता, कारण तो पुन्हा देण्याची त्यास गरज वाटली नाही.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या महाराष्ट्राचे डॉ. वसंत गोवारीकर ह्यांनी अग्निबाणाच्या घनरूप इंधनाच्या कामास केरळातील थुंबा येथे वाहून घेतले होते, तेव्हा ही विद्या परक्यांची आहे असे कोणी समजू नये. नेरच्या काळ्या मातीतूनही ती उगवेल. त्या मुलाने दोन आण्यांच्या जुन्या धाटणीची एक वही केली असून तिच्या पहिल्या पानावर बाभळीत अडकलेल्या उड्डाणाची नोंद केली आहे. यशाची नोंद दुसऱ्या पानावर आहे. पानांचा हा क्रम त्याने कधी बदलू नये, एवढीच आमची इच्छा.