पाखरांचा चित्रगुप्त : डॉ. सलीम अली

लोधीखेडा हे सौंसरजवळचे, जाम नदीच्या काठचे गाव. तेथे आमच्या आत्याकडची संत्र्याची बाग आहे. गेल्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडून गेल्यावर माझ्या गायनवर्गातील पाच-सहा मुलांना घेऊन मी एक दिवस तेथे गेलो होतो. पावसाबरोबर येणारी पाखरे पाहावीत, मुलांच्या कानांना तंबोऱ्याबाहेरचेही काही ऐकू यावे, एवढाच हेतू. मुलांनी वह्या घेतल्या होत्या. चातक दिसला, पावशा ऐकला, दयाळ तर बांधावर बसून गातच होता. संध्याकाळी वह्या पाहताना एका मुलाच्या यादीत ‘नवरंग’ सापडला. त्याची दोन स्वरांची शीळ मी दिवसभर कान लावूनही ऐकली नव्हती. विचारले, तेव्हा मुलाने निरागसपणे सांगितले की पुस्तकाप्रमाणे तो या दिवसांत इकडे येतोच. मग लिहिला तर काय बिघडले?

त्या वेळी मला चटकन उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर मात्र एका माणसाचे सारे आयुष्यच त्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे वाटू लागले. तो माणूस म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांचे नाव आपल्या घरांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा मर्मभाग बहुधा पुरस्कारांच्या यादीखाली झाकला जातो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम या निपुत्रिक दांपत्याने या पोरक्या मुलांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचेच हे घराणे. मामा शिकारीचे शौकीन होते, त्यामुळे लहानग्या सलीमच्या हाती छऱ्यांची बंदूक आली. तिने चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी ती रानचिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटामागून कपाट उघडून दाखविले, आणि वाचायला पुस्तके दिली. आपल्याला ठाऊक नाही हे मान्य करून ठाऊक असलेल्याकडे जाणे, हा त्या मुलाचा पहिला धडा होय.

शाळेत मात्र हा मुलगा चमकला नाही. डोकेदुखीने बेजार होऊन काही काळ सिंधमध्ये राहिला, आणि १९१३ मध्ये कशीबशी मॅट्रिक झाला. पुढे ब्रह्मदेशात तावॉय येथे घरच्या खाणीचा व लाकडाचा धंदा पाहावयास गेला; पण हिशेबाच्या वहीपेक्षा जंगलाकडेच त्याचे लक्ष अधिक. परत येऊन त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि त्याचबरोबर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लाटर यांच्या उत्तेजनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. विद्यापीठाची पदवी मात्र कधीच पदरी पडली नाही. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी विवाह झाला. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळेना, कारण तीच, पदवी नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राण्यांची माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. श्ट्रेझेमान यांना ते आयुष्यभर गुरू मानीत. पक्ष्याची जात कातड्यावरून ओळखणे ही अभ्यासाची केवळ सुरुवात आहे. तो जगतो कसा, हे पाहणे हा खरा अभ्यास, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

१९३० मध्ये ते परत आले तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. वय चौतीस, पदवी नाही, नोकरी नाही. मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून पतीपत्नी अलिबागजवळ समुद्रकाठच्या किहीम गावी जाऊन राहिली. तेथे जवळच सुगरण पक्ष्यांची घरटी लटकत होती. दुसरा कोणी नशिबाला बोल लावीत बसला असता; सलीम अली पावसाळाभर रोज घरट्यांसमोर बसू लागले.

आपल्याकडे सुगरणीच्या खोप्याचे कौतुक घरोघर चालते आणि विणकामाचे श्रेय आपण मादीला देतो. सलीम अलींनी पाहिले ते निराळेच. खोपा विणतो तो नर. तो अर्ध्यावर आला की माद्यांची टोळी येऊन पाहणी करते. एखादीला पसंत पडला तर ती त्यात संसार थाटते. मग नर तो पूर्ण करतो आणि लगेच शेजारी दुसरा विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी! ही गोष्ट शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होती. दुर्मीळ पक्षी नव्हे, आडरान नव्हे. लागला तो केवळ एक पावसाळा आणि न कंटाळता लिहिणारा हात. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळात गेले.

पुढचा काळ संस्थानांचा. संस्थानी शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे विशेष वाटावे. सलीम अलींनी मार्ग असा काढला की प्रवासाचा व तंबूचा खर्च संस्थानाने करावा, मेहनताना नको. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, कच्छ, बडोद्यासह गुजरात अशी एकामागून एक पाहणी झाली. माझे वडील दरबारी गवई होते. राजाश्रय म्हणजे काय हे मी घरात पाहिले आहे. आश्रय घेऊनही आश्रयदात्याच्या मर्जीने न गाणारे थोडेच असतात. सलीम अलींनी पगारच न घेतल्यामुळे त्यांच्या वहीवर कोणाचीच मर्जी चालली नाही.

या भटकंतीत तहमिना त्यांच्याबरोबर असत. इंग्लंडात वाढलेली ही स्त्री पतीसाठी तंबूत राहिली. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात गेल्या. सलीम अली पुन्हा विवाहाच्या वाटेस गेले नाहीत. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या वांद्र्याच्या घरी ते राहू लागले आणि काम चालूच राहिले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले, आणि सामान्य माणसाला अंगणातल्या पाखराचे नाव कळण्याची सोय झाली. १९४५ मध्ये कच्छच्या रणात लाखो रोहित पक्ष्यांची वसाहत त्यांनी पाहिली. १९५० मध्ये स्वीडनमधील परिषदेला जाताना आपली आवडती सनबीम मोटारसायकल त्यांनी बोटीवर चढविली. तेथे पोहोचल्यावर लोकांना वाटले, गृहस्थ हिंदुस्थानातून फटफटीवरच आले!

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सलीम अलींनी अभ्यासासाठी पुष्कळ पक्षी मारले. त्या काळी शास्त्राची रीतच ती होती, आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. त्याच माणसाने पुढे भरतपूरच्या पाणथळीसाठी आणि केरळातील सायलेंट व्हॅलीच्या अरण्यासाठी आपले वजन खर्च केले.

दुर्मीळ पक्ष्यांच्या शोधाचा नाद त्यांना जन्मभर होता. फिन्स बया ही सुगरणीचीच एक जात दिसेनाशी झाली होती. ती त्यांनी १९३४ च्या सुमारास कुमाऊँच्या तराईत पुन्हा शोधून काढली. पण हिमालयातील पहाडी लावा १८७६ नंतर कोणालाच दिसला नव्हता. त्याच्या मागे सलीम अली गेले आणि हात हलवीत परत आले. हात हलवीत आलो, असेच त्यांनी जगाला सांगितले. एखादी अंधूक सावली झुडपात शिरताना पाहिली, एवढे म्हटले असते तरी त्यांच्या शब्दाला आव्हान देणारा कोण होता?

तसे करणारा एक माणूस त्यांच्या सहवासात येऊन गेला होता. १९३७ मध्ये ज्यांच्याबरोबर त्यांनी अफगाणिस्तानात पक्ष्यांची पाहणी केली, ते कर्नल माइनर्त्झहागेन पक्षिशास्त्रातील बडे प्रस्थ मानले जात. कर्नलसाहेबांनी आपल्या रोजनिशीत सलीम अलींविषयी बरेच हिणवून लिहिले होते. सलीम अलींनी तो मजकूर पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात खुशाल छापला. कर्नलसाहेब १९६७ मध्ये वारले, आणि बऱ्याच वर्षांनी उघड झाले की संग्रहालयांतील पक्षी चोरून, त्यांवर खोटी ठिकाणे व तारखा घालून ते आपले म्हणून मिरवीत होते.

त्यातील एक पक्षी आपल्या सातपुड्याचा. रानपिंगळा हे दिवसाही वावरणारे लहानसे घुबड १८८४ नंतर खात्रीने कोणाला मिळाले नव्हते. कर्नलसाहेबांनी मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे ते मिळविल्याची नोंद केली होती. वस्तुतः तो खानदेशात डेव्हिडसन यांनी मिळविलेला जुनाच पक्षी होता. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोध करणाऱ्यांना भलत्याच ठिकाणी नेले. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला सारली, आणि सहकाऱ्यांसह खऱ्या नोंदींच्या वाटेने नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा समोरच्या झाडावर बसलेला होता! पुढे मेळघाटातही तो आढळला. पाखरू कोठे गेलेच नव्हते; आपल्याच डोंगरात होते.

हा शोध पाहावयास सलीम अली हयात नव्हते. १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. पद्मभूषण, पद्मविभूषण झाले. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी सोसायटीच्या निधीला दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातील कडप्पा भागात, १९०० पासून न दिसलेला जेर्डनचा धाविक सोसायटीच्या तरुण संशोधकाला सापडला. नव्वदीला टेकलेल्या सलीम अलींना तो आनंद मिळाला. पहाडी लावा मात्र राहिला तो राहिलाच. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वडील मला शिकविताना सांगत की एखादा स्वर गळ्यात उतरला नसेल तर तेथे थांबावे. मुरकी मारून तो झाकू नये. श्रोत्यांना कदाचित कळणार नाही, परंतु पुढचा शिष्य ती मुरकीच खरी समजून घोकील. गाण्यात त्याने एक बंदिश बिघडते. पाखरांच्या वहीत खोटे लिहिले तर एक पक्षी शंभर वर्षे हरवतो.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात रानपिंगळ्याची ही गोष्ट सांगितली. मुलगा काही बोलला नाही. त्याने वही उघडली आणि ‘नवरंग’ या शब्दावर आडवी रेघ मारली. यंदाच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा लोधीखेड्यास जाणार आहोत.