उतारवयातील पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

ख्रिस्तपुराणाचे नाव आम्हां मराठी ख्रिस्ती जनांना अपरिचित नाही. त्याचा कर्ता इंग्रज होता, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हे महाकाव्य १६१६ साली छापून बाहेर पडले तेव्हा त्याच्या कर्त्याने वयाची सुमारे सदुसष्ट वर्षे ओलांडली होती, इकडे आमचे लक्ष सहसा जात नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यात कॅथलिक श्रद्धेने जगणे धोक्याचे होते. तरुण थॉमस यांनी मायदेश सोडला आणि १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. ते स्वतः मात्र मायदेशी कधीच परतले नाहीत.

पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ साष्टीत गेला. (ही साष्टी गोव्यातील, मडगाव-राचोलच्या परिसरातील. वसईकर वाचकांनी मुंबईजवळची साष्टी समजू नये.) गावोगावी धर्मगुरू म्हणून सेवा, काही काळ मडगावच्या विद्यालयाचे प्रमुखपद, असे त्या आयुष्याचे स्वरूप होते. काळ मात्र शांत नव्हता. साष्टीतील देवळे पाडली गेली होती, लोकांचे जुने ग्रंथ जप्त होत होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी तेथील गावकऱ्यांच्या प्रमुखांनाही ठार केले. त्या घटनेतील एकाच बाजूचे दुःख स्मरावे, असे आम्हांला वाटत नाही. स्टीफन्स यांनी त्याच वर्षी आपला भाऊ रिचर्ड याला पाठविलेल्या पत्रात हे हौतात्म्य कळविले. त्याच पत्रात या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचेही नोंदविले. एवढ्या शोकाच्या प्रसंगी माणसाचे लक्ष भाषेच्या घडणीकडे असावे, यातच त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दिसते.

हे भाषेचे वेड उतारवयात फळास आले. त्यांनी साठी गाठली, त्या वेळी मिशनमध्ये त्यांची जवळजवळ तीस वर्षे झाली होती. प्रकृती व कार्य दोन्ही आवरते घेण्याचे ते वय. पण ५ डिसेंबर १६०८ रोजी ते रोमला संघाचे सर्वाधिकारी क्लॉडिओ आक्वाव्हिवा यांना पत्र लिहितात. हे कुंकळ्ळीत मारले गेलेल्या रुडॉल्फ यांचे काका. पत्रात मागणी एकच होती. येथील लोकांच्या लिपीत व भाषेत ग्रंथ छापण्याची परवानगी मिळावी. त्यासाठी सुमारे सहाशे अक्षरांचे ठसे लागतात, हे मान्य करून ती संख्या दोनशेवर कशी आणता येईल, याचाही विचार त्यांनी केला होता. जोडाक्षरांची ही मोजदाद त्यांनी किती रात्री दिव्याजवळ बसून केली असेल!

ते खिळे काही ओतले गेले नाहीत. देवनागरी खिळ्यांनी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापले गेले, त्यासाठी १८०५ साल उजाडावे लागले. स्टीफन्स यांना वाट पाहण्याइतका अवधी नव्हता. त्यांनी मराठी पुराण रोमन लिपीत छापावयास दिले. ही तडजोड त्यांना रुचली नसणार. तरीही ग्रंथ हाती घेऊन वाचणारा साष्टीतील ख्रिस्ती माणूस त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला, असे आम्ही समजतो.

पुराणाच्या आरंभी याच माणसाचे गाऱ्हाणे येते. जुनी पुराणे आमच्याकडून काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे एखादे का देत नाही, असे नवख्रिस्ती लोक पाद्रींना विचारतात. मागणी न्याय्य होती. तिला उत्तर म्हणून ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवी छंदात एक परदेशी माणूस पंचाण्णव अवस्वरू रचतो. पहिल्या पुराणात ४,२९६ ओव्यांतून जुना करार येतो व दुसऱ्यात ६,६६६ ओव्यांतून प्रभू येशूचे चरित्र. शुद्ध मराठी सामान्यांना अवघड जाईल म्हणून त्यांनी त्यांच्या तोंडचे सोपे शब्द मुद्दाम मिसळले आणि तसे प्रस्तावनेत सांगूनही टाकले. पांडित्य मिरवण्याची संधी त्यांनी सोडली, हे आम्हांला त्यांच्या काव्यगुणांइतकेच मोलाचे वाटते.

१६१९ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. मागे दोन कामे हस्तलिखितात राहिली. कोंकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली निघाले, तर व्याकरण इतरांनी भर घालून १६४० साली राचोल येथे छापले. दोन्हींपैकी एकही छापील प्रत त्यांनी पाहिली नाही.

ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकातील त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीतच. पुढे लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांच्या दृष्टीस पडले. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीतील छापील ख्रिस्तपुराण वाचकांच्या हाती दिले. स्टीफन्स यांनी रोमला पत्र पाठविले, त्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.