माणसे मोजणारा ज्योतिर्विद : आडोल्फ केतले

वजन आणि उंची यांवरून प्रकृतीचा अंदाज बांधण्याची रीत आज सर्वत्र रूढ झाली आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो अंक येतो, त्यास शरीर-वस्तुमान निर्देशांक, अर्थात ‘बी. एम. आय.’ म्हणतात. १.६० मीटर उंचीच्या व ६४ किलो वजनाच्या प्रौढ मनुष्याचा हा अंक २५ येतो. ज्यांच्या अभ्यासातून हे गणित निघाले, ते गृहस्थ वैद्य नव्हते. ते आकाशातील ताऱ्यांचे वेध घेणारे पंडित होते.

आडोल्फ केतले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी, आज बेल्जियममध्ये असलेल्या गेंट नगरीत झाला. वयाच्या सातव्या वर्षीच त्यांचे पितृछत्र हरपले. उदरनिर्वाहासाठी लहान वयातच त्यांना शिक्षकाचा पेशा पत्करावा लागला. परंतु त्यांनी विद्याव्यासंग सोडला नाही. १८१९ साली गेंट विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टर ही पदवी दिली. पुढे ब्रुसेल्स येथे अध्यापन करीत असता आपल्या देशात वेधशाळा असावी, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी १८२३ साली ते पॅरिसला गेले. तेथे वेध घेण्याच्या विद्येबरोबरच संभाव्यतेच्या गणिताशीही त्यांचा परिचय झाला. परत आल्यावर त्यांच्याच प्रयत्नांनी ब्रुसेल्सची वेधशाळा उभी राहिली.

एकाच ताऱ्याचे वेध अनेकदा घेतले, तर दर वेळी आकडा किंचित निराळा येतो. मात्र सर्वांची सरासरी काढली म्हणजे ताऱ्याचे स्थान बरेचसे अचूक कळते. हाच न्याय केतले यांनी मनुष्यास लावला. जन्म, मृत्यू, उंची, वजन, इतकेच नव्हे तर गुन्हे यांचेही आकडे त्यांनी अपार चिकाटीने जमविले. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांनीच दाखविले. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेली पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद त्यांच्याच पुढाकाराचे फळ होय. १८५५ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांनी आपले कार्य पुढे चालविले. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तारा एकच असतो. माणसे मात्र अनेक आणि भिन्न भिन्न असतात. केतले यांना समाजाचे स्वरूप जाणावयाचे होते, एखाद्याच्या देहाची परीक्षा करावयाची नव्हती. १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी या गुणोत्तरास आजचे नाव दिले, तेही मोठ्या समूहांच्या अभ्यासासाठीच.

या मापाची मर्यादा आपल्या पुण्यातच उत्तम रीतीने दिसून आली. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. परंतु शरीरातील मेद मोजला असता युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला! २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तान्त छायाचित्रासह प्रसिद्ध झाला. भारतीय मनुष्य दिसावयास सडपातळ असूनही त्यास मधुमेहाचा धोका का असतो, हे त्यावरून अनेकांना उमगले. याउलट कसलेल्या मल्लाचा निर्देशांक स्नायूंच्या भारामुळे अधिक येतो, म्हणून तो स्थूल ठरत नाही. वाढत्या मुलामुलींचा अंक तर वय व लिंग पाहूनच तपासावा लागतो.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील संत्र्याचेच पाहा. तराजू त्याचे वजन सांगतो. साल किती जाड आणि आत रस किती, हे सांगत नाही. म्हणून एका आकड्यावरून कोणी सोबत्यास हिणवू नये, की स्वतः खचून उपाशी राहू नये. आकडा ही केवळ सूचना होय. निर्णय वैद्यांनी कंबरेचा घेर, आहार, व्यायाम व रक्ततपासणी पाहून करावयाचा असतो. केतले यांची चिकाटी आपण अंगी बाणवावी, आणि त्यांचे माप त्याच्या मर्यादेतच वापरावे.